कर्करोगाचे उपचार आणि हृदयाची निगा

कर्करोगाचे निदान झाले की घरातील सर्वांचे लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. गाठ गेली पाहिजे. केमोथेरपीने केस गळतील, उलट्या होतील, पांढऱ्या पेशी कमी होतील, याची कल्पना डॉक्टर देतात आणि आधी त्या वाटेने गेलेले शेजारीपाजारीही देतात. हे त्रास डोळ्यांना दिसतात आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत ओसरतात. हृदयावर होणारा परिणाम मात्र दिसत नाही. हृदयाच्या आकुंचनाची ताकद कमी होऊ लागली, तरी सुरुवातीचे अनेक महिने रुग्णाला काहीच जाणवत नाही. जिना चढताना धाप लागू लागली, तर ती उपचारांनी आलेल्या अशक्तपणाच्या खाती जमा होते. रक्त कमी आहे, वजन उतरले आहे, वयही झाले आहे, अशी कारणे हाताशी असतातच. त्यामुळे ज्या काळात दुखणे सहज आवरता आले असते, तो काळ निघून जातो.

पुण्यासारख्या शहरात हा विषय आता थोड्यांपुरता उरलेला नाही. इंडियन कॅन्सर सोसायटीने पुण्यात १९७३ पासून कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंद ठेवण्यास सुरुवात केली. या नोंदीनुसार शहरातील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे. वेळेत सापडलेल्या स्तनाच्या कर्करोगातून आज बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात आणि पुढे पंधरा-वीस वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक जगतात. नेमकी याच आजारात हृदयाला त्रासदायक ठरू शकणारी तीन अस्त्रे वापरावी लागतात. एक लाल रंगाची केमो, दुसरे ट्रॅस्टुझुमॅब हे इंजेक्शन आणि तिसरे डाव्या छातीवर दिला जाणारा किरणोपचार, ज्याला रुग्ण 'लाईट' किंवा 'शेक' म्हणतात. अमेरिकेतील वयस्कर स्त्रियांच्या पाहणीत असे आढळले, की स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण कर्करोग नसून हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे होते. वाढत्या वयाचा त्यात मोठा वाटा आहे हे खरे. तरीही कर्करोगातून वाचलेल्या माणसाचे हृदय जपणे हा उपचाराचाच भाग आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

लाल औषधाचा इतिहास

सलाईनच्या नळीतून उतरणारे लाल औषध कर्करोगाच्या कक्षात सर्वांच्या परिचयाचे असते. दुसऱ्या दिवशी लघवीही लालसर होते आणि रुग्ण घाबरतो. हे औषध बहुधा डॉक्सोरुबिसिन किंवा त्याचे भावंड एपिरुबिसिन असते. या कुळाला ॲन्थ्रासायक्लिन म्हणतात. १९५०च्या दशकात फार्मिटालिया या इटालियन कंपनीचे संशोधक मातीतील सूक्ष्मजीवांमधून नवी औषधे शोधत होते. इटलीच्या दक्षिणेकडील कास्टेल डेल मोन्टे या तेराव्या शतकातील किल्ल्याजवळच्या मातीत त्यांना स्ट्रेप्टोमायसिस जातीचा, गडद लाल रंगद्रव्य तयार करणारा एक जीवाणू मिळाला. त्यापासून प्रथम डॉनोरुबिसिन आणि पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस डॉक्सोरुबिसिन हाती लागले. एड्रियाटिक समुद्रावरून त्याला 'एड्रियामायसिन' असे नाव मिळाले.

मातीतून औषध शोधण्याची ही पद्धत पुणेकरांना परकी नाही. १९५४ मध्ये पिंपरीत उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेतही असाच शोध चाले. तेथे सापडलेल्या एका जीवाणूला गावावरूनच 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे नाव दिले गेले आणि त्यापासून बुरशीविरोधी 'हॅमायसिन' तयार झाले. इटलीचा लाल जीवाणू आणि पिंपरीचा जीवाणू एकाच गोत्राचे आहेत.

डॉक्सोरुबिसिनने रक्ताचा कर्करोग, लसिका ग्रंथींचा कर्करोग म्हणजे लिम्फोमा, हाडांचा आणि स्तनाचा कर्करोग यांचे भवितव्य बदलले. पण काही वर्षांतच एक विचित्र गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात आली. कर्करोग आटोक्यात आलेले काही रुग्ण हृदय निकामी होऊन दगावत होते. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने त्यातील सूत्र उघड केले. धोका एखाद्या डोसापेक्षा आयुष्यभरात मिळालेल्या एकूण मात्रेवर अवलंबून होता. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे एकूण ४०० मिलिग्रॅम औषध गेले, तर शंभरातील सुमारे तिघांचे हृदय दुबळे होत होते. ५५० मिलिग्रॅमवर हे प्रमाण सात, तर ७०० वर अठरा होते. २००३ मधील फेरतपासणीत हे आकडे अधिक गंभीर निघाले. ४०० वर पाच टक्के, ५५० वर सव्वीस टक्के आणि ७०० वर जवळपास निम्मे रुग्ण.

हे आकडे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. स्तनाच्या कर्करोगात प्रचलित पद्धतीने चार वेळा ६० मिलिग्रॅम दिले जाते, म्हणजे एकूण २४० मिलिग्रॅम. लिम्फोमातील नेहमीच्या सहा चक्रांमध्ये ही बेरीज ३०० होते. धोक्याच्या चढणीपासून डॉक्टर हेतुपूर्वक दूर राहतात. तथापि पूर्णपणे निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाही. ज्यांचे हृदय आधीच आजारी आहे, ज्यांचे वय पासष्टच्या पुढे आहे, ज्यांना उच्च रक्तदाब वा मधुमेह आहे किंवा छातीवर पूर्वी किरणोपचार झाला आहे, त्यांना कमी मात्राही बाधू शकते. आजार उलटला आणि पुन्हा लाल औषधाची वेळ आली, तर आधी मिळालेली मात्रा पुढच्या हिशेबात धरावीच लागते. अशा वेळी जुनी फाइल हरवली असल्यास डॉक्टरांना अंदाजाने चालावे लागते. एपिरुबिसिन आणि डॉक्सोरुबिसिन यांची मिलिग्रॅममध्ये सरळ बेरीज होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. नुसता 'सहा केमो झाल्या' एवढा निरोप पुरेसा ठरत नाही.

हृदयाचे स्नायू नेमके का दुखावतात, याचे उत्तर शोधण्यात बराच काळ गेला. औषध आणि पेशीतील लोह यांच्यामुळे तयार होणारे घातक प्राणवायूचे कण हे कारण अनेक वर्षे सांगितले जाई. २०१२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून टोपोआयसोमरेज-दोन-बीटा या विकराची भूमिका पुढे आली. कर्कपेशीत या विकराचे 'अल्फा' रूप असते आणि औषध त्यावर घाव घालते. हृदयाच्या पेशीत 'बीटा' रूप असते आणि तेही त्या घावात सापडते. त्वचा वा आतड्याचे अस्तर नव्याने तयार होते. हृदयाच्या स्नायुपेशी मात्र जवळजवळ नव्याने निर्माण होत नाहीत. गेलेल्या पेशींचे काम उरलेल्यांना करावे लागते आणि काही वर्षे त्या ते निमूटपणे करतात. हृदयाचे दुखणे उशिरा वर येते, ते यामुळे.

ट्रॅस्टुझुमॅब : वेगळ्या प्रकारची इजा

स्तनाच्या काही कर्करोगांमध्ये पेशींवर 'हर-टू' नावाचे प्रथिन फार मोठ्या प्रमाणात असते. हे कर्करोग आक्रमक असतात. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ट्रॅस्टुझुमॅबने, म्हणजे मूळच्या 'हर्सेप्टिन'ने, या रुग्णांचे चित्र पालटले. परंतु हेच प्रथिन हृदयाच्या पेशींनाही आपली डागडुजी करण्यासाठी लागते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ चाचणीत लाल औषध आणि ट्रॅस्टुझुमॅब एकाच वेळी दिले गेले होते. त्यातील २७ टक्के स्त्रियांच्या हृदयाच्या कार्यात बिघाड आढळला. पॅक्लिटॅक्सेलबरोबर दिल्यास हा आकडा १३ टक्के होता. तेव्हापासून ही दोन औषधे एकत्र न देता एकामागून एक देण्याची रीत पडली. काही रुग्णांत लाल औषध पूर्णपणे टाळूनही उपचार करता येतात.

हे औषध एके काळी मध्यमवर्गाच्याही आवाक्याबाहेर होते. २०१२ मध्ये रॉश या स्विस कंपनीने पुण्याच्या एमक्योर कंपनीशी करार करून ते कमी किमतीत भारतात आणण्याचे ठरवले आणि २०१४ पासून बायोकॉनसारख्या भारतीय कंपन्यांची समरूप जैविक औषधे बाजारात आली. औषध स्वस्त झाले तसे ते अधिक स्त्रियांपर्यंत पोहोचले. त्याबरोबर हृदयतपासणीची गरजही तितकीच वाढली. ट्रॅस्टुझुमॅब सुरू असताना दर तीन महिन्यांनी टू-डी इको करावा, असे बहुतेक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. औषधाच्या खर्चाची जुळवाजुळव करून थकलेल्या कुटुंबाला मधलाच एक इको गाळावासा वाटतो. हा मोह महागात पडू शकतो.

ट्रॅस्टुझुमॅबची इजा लाल औषधासारखी पेशी मारणारी नसते. बहुतेक रुग्णांत औषध काही आठवडे थांबवून हृदयाची औषधे दिल्यास कार्य पूर्ववत होते आणि ट्रॅस्टुझुमॅब पुन्हा सुरूही करता येते. हे औषध साधारणपणे वर्षभर दिले जाते. ब्रिटनमधील 'पर्सेफोन' या चाचणीत सहा महिन्यांचा उपचारही जवळपास तितकाच गुणकारी ठरला. हृदयाच्या तक्रारीमुळे औषध बंद करावे लागण्याचे प्रमाण वर्षभराच्या गटात आठ टक्के, तर सहा महिन्यांच्या गटात तीन टक्के होते. फ्रान्समधील अशाच चाचणीने मात्र तसा निर्वाळा दिला नाही. त्यामुळे मुदत किती ठेवायची, हा निर्णय कर्करोगतज्ज्ञाचा आहे. रुग्णाने स्वतःहून मध्येच औषध सोडणे सर्वांत धोक्याचे.

डाव्या छातीवरील किरणोपचार

हृदय छातीच्या डावीकडे थोडे झुकलेले असल्याने डाव्या स्तनावर किरण देताना त्याचा काही भाग किरणांच्या मार्गात येऊ शकतो. डेन्मार्क आणि स्वीडनमधील स्त्रियांच्या २०१३ मधील अभ्यासात असे दिसले, की हृदयाला मिळालेल्या सरासरी मात्रेतील प्रत्येक एका 'ग्रे'मागे हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढतो. ही वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू होते आणि किमान वीस वर्षे टिकते. साडेसात टक्के ही मूळ धोक्यातील वाढ आहे, हे येथे नीट समजून घ्यावे. शंभरातील एकीला धोका असेल, तर तो एकाचा आठ होत नाही. एकाचा जेमतेम एक पूर्णांक सात शतांश होतो. परंतु धूम्रपान करणारी, मधुमेही किंवा आधीच हृदयविकार असलेली रुग्ण असेल, तर मूळ धोकाच मोठा असतो आणि त्यावरील वाढही मोठी ठरते.

यावर एक साधी युक्ती आहे. खोल श्वास घेऊन तो रोखला की फुप्फुसे फुगतात आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे व खाली सरकते. त्या काही सेकंदांतच किरण दिले जातात. पुण्या-मुंबईतील मोठ्या केंद्रांमध्ये ही सोय मिळते. श्वास वीस सेकंद रोखता यावा, यासाठी रुग्णाकडून आधी सराव करून घेतला जातो. प्राणायामाची सवय असलेल्या स्त्रियांना हे सोपे जाते. डाव्या बाजूचा उपचार ठरला असेल, तर 'हृदयाला किती मात्रा मिळणार आहे आणि श्वास रोखून उपचार होऊ शकतो का' हा प्रश्न नियोजनाच्या स्कॅनपूर्वी विचारावा. नियोजन झाल्यावर तो विचारून फारसा उपयोग होत नाही.

मान आणि तोंडाच्या कर्करोगात किरणांचा रोख गळ्यावर असतो. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मानेतील धमन्या त्यामुळे काही वर्षांनी अरुंद होऊ शकतात आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. थायरॉइड ग्रंथी मंदावल्याने कोलेस्टेरॉलही चढते. तंबाखू, गुटखा आणि पुणे जिल्ह्यातील स्त्रियांमध्ये आजही आढळणारी मिश्री ही तोंडाच्या कर्करोगाची कारणे आहेत. तंबाखू, ती कोणत्याही रूपात असो, हृदयाच्याही मुळावर येते. उपचार संपल्यावर दात घासण्याच्या निमित्ताने मिश्री पुन्हा सुरू होते, असे अनेक घरांत घडते.

इतर औषधे

फाइव्ह-एफयू आणि त्याच गटातील कॅपेसिटॅबिन ही गोळी आतड्याच्या व स्तनाच्या कर्करोगात घरी घेतली जाते. क्वचित प्रसंगी तिने हृदयाच्या धमन्या आखडतात आणि छातीत कळ येते. हे बहुधा पहिल्याच चक्रातील पहिल्या काही दिवसांत घडते. अशी कळ आल्यास ती पित्ताची समजून पुढची गोळी घेऊ नये. गोळी थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे. सिस्प्लॅटिनने रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते, टॅमॉक्सिफेननेही पायांच्या शिरांमध्ये गुठळी होऊ शकते. एकाच पोटरीला सूज व दुखणे हे तिचे लक्षण. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅब, सुनिटिनिब यांसारख्या औषधांनी रक्तदाब चढतो. प्रोस्टेटच्या कर्करोगात पुरुषी संप्रेरक रोखणारी इंजेक्शने वजन, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढवतात.

अलीकडे गाजत असलेल्या रोगप्रतिकारक्षमता जागवणाऱ्या औषधांचा, म्हणजे इम्युनोथेरपीचा, एक दुष्परिणाम दुर्मीळ पण भयंकर आहे. शरीराच्या सैनिकपेशी हृदयाच्या स्नायूवरच हल्ला करतात. शंभरात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना हे घडते. मात्र घडले तर ते प्राणघातक ठरू शकते. पहिल्या तीन महिन्यांत नव्याने आलेला थकवा, पापणी पडणे, स्नायू दुखणे, छातीत धडधड या गोष्टी त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानी घालाव्यात.

पुण्याचे 'सडपातळ' हृदयरोगी

उपचारांपूर्वी हृदयाचा धोका मोजताना अंगकाठीवर विसंबणे योग्य नाही, हे सांगण्याचा अधिकार पुण्याला विशेषत्वाने आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचा शरीरभार-निर्देशांक अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषणाच्या अभ्यासातूनही हेच दिसले, की आपल्याकडील बाळे जन्मतः बारीक असूनही त्यांच्यात चरबीचे प्रमाण जास्त असते. वरून सडपातळ दिसणारा माणूस आतून मधुमेहाच्या व हृदयविकाराच्या वाटेवर असू शकतो, तो असा.

कर्करोगाच्या रुग्णाच्या बाबतीत याला आणखी महत्त्व आहे. केमोबरोबर उलट्या थांबवण्यासाठी आणि लिम्फोमात उपचार म्हणूनच स्टिरॉइड दिली जातात. त्यामुळे आजवर लपलेला मधुमेह उघडा पडतो. म्हणून पहिल्या सलाईनपूर्वी रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि टू-डी इको एवढे झालेले असावे. ज्यांचा धोका अधिक त्यांच्यासाठी ट्रोपोनिन ही रक्तचाचणीही. रक्तदाब व साखर आटोक्यात आणणे ही हृदयरक्षणाची सर्वांत स्वस्त आणि खात्रीची उपाययोजना आहे. महागड्या औषधांच्या चर्चेत तिचाच विसर पडतो.

इको वाचताना

टू-डी इकोच्या अहवालात 'इजेक्शन फ्रॅक्शन' या शब्दांपुढे एक टक्केवारी असते. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला किती रक्त बाहेर फेकले जाते, ते ती सांगते. निरोगी हृदयात ती सर्वसाधारणपणे ५५ ते ७० असते. ती दहा अंकांहून अधिक घसरून ५० च्या खाली गेली, तर हृदयाला इजा झाली असे धरतात. एकदा ६२ आणि पुढच्या वेळी ५८ आल्यास लगेच घाबरू नये. दोन तपासण्यांत, दोन यंत्रांत आणि दोन तज्ज्ञांच्या नजरेत इतका फरक पडतो. यासाठीच शक्यतो सगळे इको एकाच ठिकाणी करावेत आणि मागचा अहवाल बरोबर न्यावा. 'स्ट्रेन' नावाची मोजणी स्नायूच्या तंतूंचे आखडणे थेट मोजते आणि टक्केवारी घसरण्यापूर्वीच इशारा देते. ती करून मिळेल का, हे विचारून घ्यावे.

लवकर कळल्याने काय साधते, याचे उत्तर इटलीतील मिलान येथील डॉ. दानिएला कार्दिनाले यांच्या अभ्यासांनी दिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाल औषधाने हृदय दुबळे झालेल्या २०१ रुग्णांना हृदयाची औषधे दिली गेली. केमो संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत औषधे सुरू झालेल्यांपैकी ६४ टक्के जणांचे हृदय पूर्ववत झाले. सहा महिन्यांनंतर सुरुवात झालेल्यांपैकी एकाचेही पूर्णपणे सावरले नाही. २६२५ रुग्णांवरील त्यांच्या २०१५ मधील दुसऱ्या अभ्यासात नऊ टक्के रुग्णांना हृदयाचा त्रास झाला आणि त्यातील ९८ टक्के घटना पहिल्या वर्षातच सापडल्या. नियमित तपासणी चालू असल्यामुळेच त्या सापडल्या. केमो संपली, केस परत आले, घरात सत्यनारायण झाला आणि रुग्णालयाची वाट सुटली, नेमके तेच ते वर्ष असते. युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२२ मध्ये प्रथमच या विषयावर सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे काढली. लाल औषध घेतलेल्या प्रत्येकाने ते संपल्यावर वर्षभराच्या आत एकदा तरी इको करावा, अशी त्यांची शिफारस आहे.

हृदय आधीच वाचवणारी गोळी?

लाल औषधापूर्वी दिले जाणारे डेक्सराझोक्सेन हे औषध हृदयाला संरक्षण देते. मोठी मात्रा द्यावी लागणार असलेल्या निवडक रुग्णांसाठी ते वापरतात. मेदावरणात गुंडाळलेले, म्हणजे लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन हृदयापर्यंत कमी पोहोचते. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या व कोलेस्टेरॉलची स्टॅटिन यांनी संरक्षण मिळते का, यावर उलटसुलट निष्कर्ष आले आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टॉप-सीए' चाचणीत लिम्फोमाच्या रुग्णांना ॲटोरव्हास्टॅटिन दिल्यावर हृदयाची ताकद लक्षणीय घसरण्याचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. प्रामुख्याने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील २०२२ मधील चाचणीत तिचा उपयोग दिसला नाही. तेव्हा शेजारच्या रुग्णाला दिली म्हणून आपणही ती गोळी मागावी, असा हा विषय नाही. ज्यांना आधीपासून रक्तदाब वा कोलेस्टेरॉलची औषधे चालू आहेत त्यांनी केमोच्या काळात 'आधीच इतक्या गोळ्या' म्हणून ती बंद करू नयेत, एवढे मात्र खरे.

पुण्यात आयुर्वेदाची परंपरा मोठी आणि काढे घेणाऱ्यांची संख्याही मोठी. अर्जुनसाल हृदयाला चांगली म्हणून केमोबरोबर ती सुरू केली जाते. वनस्पतीजन्य औषधेही यकृतातील विकरांवर परिणाम करून केमोची मात्रा कमी-जास्त करू शकतात. पपनसासारखे फळही काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण वाढवते. वैद्यांपासून केमो आणि कर्करोगतज्ज्ञांपासून काढा लपवून ठेवल्याने दोघेही अंधारात राहतात.

घरी काय पाहावे

रोज सकाळी एकाच वेळी वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते अंगावर आलेले मांस नसून साचलेले पाणी असण्याची शक्यता असते. पावलांवर संध्याकाळी सूज, मोजांचे वळ, रात्री एकाऐवजी दोन उशा लागणे, झोपेतून गुदमरून उठून बसावे लागणे ही हृदय थकल्याची लक्षणे आहेत. रक्त कमी असल्यानेही धाप लागते. दोन्हींतला फरक घरी ठरवता येत नाही. आठवडाभरापूर्वी सहज जमणारा जिना आज जमत नसेल, तर पुढच्या केमोची तारीख येईपर्यंत थांबू नये.

व्यायामाविषयी जुना समज विश्रांतीचा होता. आता उपचारांच्या काळातही रोज चालण्याचा सल्ला दिला जातो. ताप, अतिरक्तक्षय किंवा चक्कर असेल ते दिवस वगळावेत. सारसबागेतील सपाट फेऱ्यांपासून सुरुवात करून काही महिन्यांत पर्वतीच्या पायऱ्यांपर्यंत जाता येते. किती पायऱ्यांवर थांबावे लागले, हे वहीत लिहिले की डॉक्टरांनाही ते उपयोगी पडते. आहारात लोणचे, पापड, फरसाण यांतून येणारे मीठ आवरावे. दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅमच्या आत ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. केमोने तोंडाची चव गेली म्हणून लोणच्यावर भर देणाऱ्यांनी लिंबू, कोकम किंवा पुदिन्याचा आधार घ्यावा. तोंड आले असेल, तेव्हा मात्र आंबटही नको.

लहानपणी बरे झालेल्यांसाठी

सर्वांत दीर्घ प्रश्न आहे तो बालपणी कर्करोग झालेल्यांचा. सातव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगातून बरे झालेल्या मुलाचे हृदय पुढे साठ वर्षे चालायचे असते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने अशा मुलांसाठी १९९१ मध्ये 'ॲक्ट क्लिनिक' सुरू केले. 'आफ्टर कम्प्लिशन ऑफ ट्रीटमेंट' या शब्दांची ही आद्याक्षरे. बालकर्करोगतज्ज्ञ डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले हे क्लिनिक देशातील अशा पाठपुराव्याचे आद्य उदाहरण मानले जाते. पुढे इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली बरे झालेल्या तरुणांचा 'उगम' हा गटही निर्माण झाला.

पाठपुराव्यातील अडचण वैद्यकीय असते त्याहून सामाजिक अधिक असते. मुलगा मोठा होतो, नोकरीसाठी गाव सोडतो. मुलीच्या लग्नाच्या वेळी घरचे आजाराचा उल्लेख टाळतात आणि त्याबरोबर औषधांचा इतिहासही पुसला जातो. बालपणी एकूण २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक लाल औषध मिळालेल्यांना, तसेच छातीवर किरणोपचारही झालेल्यांना, प्रौढपणीही ठरावीक अंतराने इको करावा लागतो. उपचार संपताना रुग्णालयाकडून एक पानी सारांश मागून घ्यावा. औषधांची नावे, लाल औषधाची मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरमधील एकूण मात्रा, किरणोपचाराची जागा, तारखा व ग्रेमधील मात्रा आणि शेवटच्या इकोतील टक्केवारी त्यावर असावी. त्याची एक प्रत मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवावी आणि तो अठरा वर्षांचा झाला की त्याला समजावून त्याच्या हाती द्यावी.

मुलींच्या बाबतीत हा कागद गर्भारपणात लागतो. गरोदर स्त्रीच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण सुमारे निम्म्याने वाढते आणि एरवी निभावून नेणारे हृदय त्या भाराखाली प्रथमच कुरकुरू शकते. म्हणून लाल औषध किंवा छातीवर किरण घेतलेल्या स्त्रीने मूल होऊ देण्याचा विचार करतानाच इको करून घ्यावा. दिवस राहिल्यावर तपासणी झाली असल्यास पहिल्या तीन महिन्यांतच ती व्हावी. प्रसूतितज्ज्ञाला आजाराची माहिती असावी, म्हणजे प्रसूतीच्या वेळी सलाईन किती द्यायचे आणि नंतर किती दिवस लक्ष ठेवायचे, हे आधीच ठरवता येते. बहुतेकींची बाळंतपणे सुखरूप होतात.